लिंबू कसं आहे?

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी मंडळी आमच्या घरी आली होती, त्यांनी तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि बूट चढवता चढवता जवळजवळ प्रत्येकानं कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे खरं आहे का प्लॅस्टिकचं?" बाहेर अंगणात बर्फाचा ढीग आणि आत चार फुटी झाडाला सात पिवळीधमक लिंबं! शंका येणं साहजिक आहे. एका छोट्या पाहुणीनं तर पान चावून खात्री करून घेतली. संपादकांनी तिथंच फर्मान काढलं, "पुढच्या अंकाला यावर लेख हवा." मंडळाच्या कामात 'नाही' म्हणायची सोय नसते. तेव्हा हा लेख.

आमच्या घरात रसायनशास्त्राची एक डॉक्टरेट आहे, त्यामुळे आम्हाला झाडांतलं कळत असणार असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. पुरावा म्हणून आमच्या हातून मेलेल्या झाडाची गोष्ट आधी सांगतो. जिवंत झाडाची गोष्ट त्यानंतर.

आईचं झाड

२०१६च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा मॅडिसनला आली. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. कोणाची कोण ते सांगत नाही, कारण रागावताना ती दोघांत फरक करत नाही.) कोल्हापूरच्या घरामागं कागदी लिंबाचं झाड आहे, त्यामुळे लिंबू विकत आणायचं हेच मुळात तिला पटत नव्हतं. त्यात इथल्या दुकानातलं ते मोठं, हिरवं, गुळगुळीत लाइम तिनं कापलं आणि म्हणाली, "बी नाही ते कसलं लिंबू?" प्रश्न शास्त्राला धरून होता. या पर्शियन लाइमच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून ते बी धरत नाही.

मग एका मेक्सिकन दुकानात जाळीच्या पिशवीत छोटी, गोल लिंबं दिसली. आईनं एक उचलून नखानं खरवडलं, नाकाशी धरलं आणि निकाल दिला, "हे आपलं." तिचं नाक बरोबर होतं. इथं ज्याला 'की लाइम' किंवा 'मेक्सिकन लाइम' म्हणतात ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं आहे. फक्त आपल्याकडे ते पिवळं झालं की बाजारात येतं आणि इथं हिरवंच विकतात. ज्यांना अजून हा शोध लागला नसेल त्यांनी पुढच्या शनिवारी जरूर जाऊन यावं.

त्या संध्याकाळच्या सरबतातून आठ बिया निघाल्या. आईनं त्या दह्याच्या रिकाम्या डब्यात लावल्या आणि तीन आठवड्यांनी अकरा रोपं वर आली! हा काही चमत्कार नाही. कागदी लिंबाच्या एका बीत बरेचदा एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातली बरीचशी रोपं हुबेहूब मूळ झाडासारखीच निघतात. आईनं त्यातलं सर्वांत धट्टंकट्टं ठेवलं, बाकीची वाटून टाकली. नोव्हेंबरात परत जाताना विमानतळावर ती आम्हाला 'तब्येतीला जपा' असं काही म्हणाली नाही. म्हणाली, "लिंबाकडे लक्ष ठेवा."

तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "लिंबू कसं आहे?" दुसरा, "जेवलात का?"

झाड कसं मेलं

दोन हिवाळे रोपानं काढले. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे २०१९च्या जानेवारीअखेर, ती कुप्रसिद्ध थंडीची लाट आली. मॅडिसनमध्ये पारा उणे २० फॅरनहाइटच्याही खाली गेला. शाळा बंद, ऑफिसं बंद. आम्ही घरात बसून अभिमानानं लिंबाकडे पाहत होतो. डेकच्या मोठ्या सरकत्या काचेसमोर, फरशीवर, भरपूर उन्हात ते उभं होतं. हीटर चालू होता. याहून काय हवं?

चार दिवसांनी पानं गळायला लागली. पिवळी न पडता, हिरवीच्या हिरवी. आम्हाला वाटलं, हीटरच्या कोरड्या हवेनं तहान लागली असेल. पाणी घातलं. आणखी पानं गळली. आणखी पाणी घातलं. फेब्रुवारी संपेपर्यंत कुंडीत काटेरी काड्या उरल्या. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती, कुजक्या बटाट्यासारखा वास येत होता.

मग उशिरा का होईना, आमच्यातल्या शास्त्रज्ञाला जाग आली. घरातली हवा ६८ फॅरनहाइट होती, पण काचेजवळच्या फरशीवर ठेवलेल्या कुंडीतल्या मातीचं तापमान थर्मामीटर खुपसून मोजलं तर ४६! लिंबाच्या जातीची मुळं साधारण ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सिअस) खाली जवळजवळ काम थांबवतात. वर काचेतून ऊन पडत असतं, पानं गरम होतात, त्यांतलं पाणी उडत राहतं, आणि खालून पुरवठा बंद. झाड मग एकच गोष्ट करू शकतं: पानं टाकून देतं. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबणं. गार, ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. थोडक्यात, झाड थंडीनं मेलं नाही. आमच्या काळजीनं मेलं.

या अंकातून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: हिवाळ्यात झाडाचे पाय गरम ठेवा आणि हात आखडता ठेवा.

त्या रविवारी फोन आला. "लिंबू कसं आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "छान आहे," आम्ही म्हणालो.

बदली खेळाडू

मे महिन्यात आम्ही त्याच कुंडीत मायर लेमनचं कलम आणून लावलं. त्यामागे बागकामाच्या हौसेपेक्षा चोराचं मन जास्त होतं, हे कबूल करतो. पण निवड मात्र नकळत चांगली झाली.

फ्रँक मायर हा मूळचा डच माणूस अमेरिकेच्या शेती खात्यासाठी चीनमध्ये हजारो मैल पायी हिंडून वनस्पती गोळा करायचा. पेकिंगच्या परिसरात लोक शोभेसाठी कुंडीत वाढवत असलेलं हे लिंबू त्यानं १९०८ साली इकडे पाठवलं. पुढे १९१८मध्ये यांगत्से नदीवर बोटीतून जाताना तो नाहीसा झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. झाडाला नाव राहिलं. ही झाडं वरून धडधाकट दिसली तरी ट्रिस्टेझा नावाच्या घातक विषाणूची वाहक असल्याचं नंतर आढळलं, म्हणून रोगमुक्त निवड करून १९७५मध्ये 'इम्प्रूव्ह्ड मायर' आलं. आज नर्सरीत मिळतं ते हेच.

आपल्या विस्कॉन्सिनी घरांसाठी याचे फायदे असे. कुंडीत राहायची याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. कागदी लिंबू या कुटुंबातलं थंडीला सर्वांत हळवं, तर मायर बरंच सोशिक. कलम असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळ धरतं. बीपासून केलेलं रोप कुंडीत पाच-सहा वर्षंही वाट पाहायला लावतं. तोटा एकच: रस कमी आंबट, किंचित गोडसर. पोह्यांवर पिळायला एकाऐवजी दीड लागतं.

आत-बाहेरचं वेळापत्रक

आम्ही एक सोपं पंचांग केलं आहे: मेमोरियल डेला बाहेर, गणपती विसर्जनाला आत. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या वर टिकायला लागलं की झाड डेकवर न्यावं. पण पहिला आठवडा-दहा दिवस सावलीतच. कित्येक महिने घरात बसलेली पानं एकदम उन्हात नेली तर भाजून पांढरी पडतात. (आपलंही पहिल्या पिकनिकला हेच होतं.) सप्टेंबरात घरातला हीटर सुरू होण्याआधी झाड आत आणावं, म्हणजे त्याला हळूहळू सवय होते. पहिल्या धुक्याच्या रात्री घाईनं ओढून आणलेलं झाड महिनाभर रुसून बसतं.

आत आल्यावर कुंडी फरशीवर ठेवू नये. आमची कुंडी लाकडी पाटावर बसते आणि पाटावर रोपांसाठी मिळते ती गरम चटई घातलेली असते. काच आणि पानं यांत दोन फूट अंतर.

माती, पाणी आणि थोडं रसायनशास्त्र

अंगणातली माती कुंडीत भरू नका. कुंडीत ती दबून घट्ट होते आणि पाणी धरून बसते. झाडाची साल, परलाइट आणि थोडं पीट असं मोकळं मिश्रण घ्यावं. पाणी घालताना खालून निथळेपर्यंत घालावं, आणि मग बोटाची दोन पेरं खुपसून माती कोरडी लागेपर्यंत पुन्हा घालू नये. उन्हाळ्यात हे दोन दिवसांत होतं, जानेवारीत दोन आठवडेही लागतात. आधी बोट, मग तांब्या. घड्याळ बघून पाणी घालणाऱ्यांची झाडं मरतात.

आता पिवळ्या पानांबद्दल, कारण सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. आधी कुठली पानं ते पाहा. जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे. मार्च ते सप्टेंबर खत द्या. पण कोवळं पान पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी असेल, तर झाडाला लोह मिळत नाही.

गंमत अशी, की मातीत लोह बहुधा असतं. मॅडिसनचं पाणी खोल विहिरींचं, चुनखडीयुक्त. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा आम्लपणा हळूहळू मरतो, सामू साडेसातच्या पुढे जातो आणि लोहाचा गंज होऊन बसतो. गंज पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना तो उचलता येत नाही. भरल्या कोठारापुढं उपास. 'कुंडीत खिळे पुरा' हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. त्यानं होतो तो आणखी गंज.

उपाय दोन. पहिला, पाण्याचा. आम्ही आमच्या नळाच्या पाण्याचं रीतसर टायट्रेशन केलं (सवय जात नाही). एका गॅलनला साधं ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक टेबलस्पून घातलं की निम्म्याहून थोडं जास्त बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. एवढं पुरे. जास्त घालून झाडाचं लोणचं करू नका. दुसरा उपाय, चिलेटेड लोह. चिलेट म्हणजे लोहाला कवेत धरून गंजण्यापासून वाचवणारा रेणू. डब्यावरचं नाव वाचा: ईडीटीए सामू साडेसहाच्या वर लोह सोडून देतो, डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतो आणि ईडीडीएचए नऊपर्यंत. आपल्या पाण्याला शेवटचा बरा. त्याचं पाणी कुंकू कालवल्यासारखं लाल होतं. गालिच्यावर सांडू नका, डाग जात नाही.

आणखी एक महत्त्वाचं. आपल्या बहुतेकांच्या घरी वॉटर सॉफ्टनर आहे. ते पाणी झाडाला अजिबात घालू नका. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेट मात्र तसंच राहतं. म्हणजे लिंबाच्या दृष्टीनं चांगलं ते गेलं, वाईट ते राहिलं, आणि वर मीठ. अंगणातल्या नळाला सहसा सॉफ्टनर जोडलेला नसतो, तो वापरा. हिवाळ्यात आम्ही अंगणातला स्वच्छ बर्फ बादलीत वितळवतो. ते पाणी पावसाच्या पाण्यासारखं मऊ असतं. घालण्याआधी खोलीइतकं कोमट होऊ द्या, आणि रस्त्याकडेचा बर्फ घेऊ नका. त्यात मीठ असतं.

उजेड आणि ताण

२१ डिसेंबरला कोल्हापुरात सुमारे ११ तासांचा दिवस असतो, इथं ९ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. दक्षिणेची खिडकी असली तरी हा उजेड अपुरा पडतो. आम्ही साधा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या फूटभर वर टांगला आहे, टायमर लावून रोज १२ तास.

मात्र फार लाडही नकोत. आपल्याकडचे लिंबू-मोसंबीचे बागायतदार बहार धरण्यासाठी झाडाला 'ताण' देतात: काही आठवडे पाणी तोडतात आणि मग पुन्हा देतात, की झाड फुलतं. इथं हा ताण थंडी देते. हिवाळ्यात खोली साठ-पासष्टच्या आसपास ठेवावी, पाणी बेतानं द्यावं, नोव्हेंबर ते जानेवारी खत बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्या येतात आणि घरभर असा वास सुटतो, की हीटिंगचं बिल विसरायला होतं. घरात मधमाश्या नसतात, पण मायरला दुसरं झाड लागत नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं फुलाफुलांतून पराग फिरवले की झालं. बरीच छोटी फळं गळतील. ते झाडाचं अंदाजपत्रक आहे, घाबरू नका. राहिलेली पिकायला सहा ते नऊ महिने लागतात.

पानं चिकट लागली तर समजा खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आलेत. रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. बाथटबमध्ये ठेवून पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारा आणि झाडांसाठी मिळणारं कीटकनाशक साबणपाणी फवारा.

आणि कलमाच्या सांध्याखालून फुटणारे कोंब वेळच्या वेळी खुडा. मायर बरेचदा ट्रायफोलिएट ऑरेंजच्या खुंटावर बांधलेलं असतं, त्या खुंटाची पानं तीन-तीन दलांची. आपल्या मंडळातल्या एका घरी हा फुटवा मोठ्या भक्तिभावानं वाढवला गेला आणि महाशिवरात्रीला 'बेल' म्हणून वाहिलाही गेला! बेल आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे शंकरानं मान्य करून घेतलं असेल. पण वरचं मायर मात्र उपाशी राहून वाळलं.

डब्यातलं रोप

इकडे आमचं खोटं चालूच होतं. फोनची जागा व्हिडिओनं घेतली तेव्हा पंचाईत झाली. आम्ही झाड लांबून दाखवायचो, तेही उजेडाकडे पाठ करून. २०२०च्या ऑगस्टमध्ये दोन रविवार आईनं "नेट चालत नाही" म्हणून नुसताच फोन केला, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. आज झाड दाखवायला नको!

२०२२मध्ये तिचं यायचं ठरलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "अंगणातलं एक रोप आणू का डब्यात घालून?"

"कशाला? इथं आहे की," आम्ही घाईनं म्हणालो.

आणि दुसरं कारण तर खरंच होतं, ते सर्वांसाठी सांगतो. भारतातून लिंबाचं रोप, फांदी किंवा कढीपत्त्याच्या डहाळ्या सामानातून आणू नका. त्याला बंदी आहे आणि ती उगाच नाही. सिट्रस ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग २००५मध्ये फ्लोरिडात सापडला आणि त्यानं तिथल्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर इलाज नाही. तो पसरवणारा तुडतुड्यासारखा बारीक किडा कढीपत्त्यावरही मजेत राहतो. आपल्या डब्यातली एक डहाळी कोणाची तरी बाग संपवू शकते.

आई आली

जूनमध्ये आई आली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच जागी झाली असणार. आम्ही खाली आलो तेव्हा ती डेकवर कुंडीशेजारी चहा घेऊन बसली होती. हातात एक चुरगळलेलं पान.

"हे माझं नव्हे," ती म्हणाली.

आम्ही गप्प.

"याला काटे कुठं आहेत? माझ्याला बोटाएवढे काटे होते. दीड-दोन वर्षं बघतेय मी व्हिडिओत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे हौसेनं दाखवत होता. झाड मेलं तर मेलं. पण मुलं सांगायला घाबरतात म्हटल्यावर मला वाटलं, आपलंच विचारायचं काहीतरी चुकतंय." मग थोड्या वेळानं कपाकडे बघत म्हणाली, "आणि मी तरी कुठं सगळं सांगते?"

मग तिनं सांगितलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये तिला कोविड झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यांतले चार दिवस ऑक्सिजनवर. मावशीला शपथ घातली होती, मुलांना कळवायचं नाही, विमानं बंद आहेत, उगाच जीव टांगणीला. तिथूनच दोन रविवार तिनं फोन केले होते, नर्सला क्षणभर गप्प बसायला सांगून. "लिंबू कसं आहे?" असं विचारलं होतं, आणि आम्ही "छान आहे" म्हणालो होतो.

त्या दोन रविवारी आम्हाला हायसं वाटलं होतं, हेही मग तिला सांगावं लागलं. ती हसली. आम्हाला मात्र बराच वेळ हसू आलं नाही. इथल्या किती घरांत दर रविवारी दोन्हीकडून "सगळं छान आहे" असं म्हटलं जात असेल, कोण जाणे.

संध्याकाळी तिला झाडाचं कूळ सांगितलं. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं आहे, की कागदी लिंबू काय आणि मायर काय, दोन्ही संकरित आहेत. आया वेगळ्या, पण बाप एकच, महाळुंग. आई चमकली. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंगच आहे. "मग सावत्र का होईना, घरातलंच म्हणायचं," ती म्हणाली आणि उठून झाडाला पाणी घालायला निघाली. आम्ही तिला थांबवलं. आधी बोट, मग तांब्या.

हिवाळ्यापर्यंत ती राहिली आणि पिकलेल्या पाच मायरचं लोणचंही तिनं घातलं. आंबटपणा कमी पडला म्हणून त्यात मेक्सिकन दुकानातली दहा लिंबं घातली, तेव्हा ते जमलं.

जाता जाता: मायरची फांदी मुळं सहज धरते. आम्ही पाच रोपं तयार केली आहेत, ती गणपतीच्या कार्यक्रमाला आणू. ज्यांना हवी असतील त्यांनी चहाच्या टेबलाशी नाव सांगावं. अट एकच. झाड मेलं तर येऊन मेलं म्हणून सांगायचं, दुसरं देऊ.

गेल्या रविवारी आईनं विचारलं, "लिंबू कसं आहे?"

"दोन फांद्यांवर खवले कीड आली आहे. पुसतोय," आम्ही म्हणालो. "तुझा गुडघा कसा आहे?"

"दुखतोय," आई म्हणाली.